शेजाऱ्याचा विस्तार वळवताना: सिव्हिलायझेशन ६ च्या मल्टिप्लेअर सामन्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

सिव्हिलायझेशन ६ या साम्राज्य उभारण्याच्या संगणकीय खेळात संगणकाने चालवलेला शेजारी आपल्या अंगणात शहर वसवतो तेव्हा तो फारसा विचार करून ते करत नाही. समोर माणूस असेल, तर त्याच शहरामागे एक हिशेब असतो आणि त्या हिशेबात आपला सैन्याचा आकडा, आपला स्वभाव आणि आपण किती वेळ गप्प बसू याचा अंदाजही धरलेला असतो. म्हणून मल्टिप्लेअर सामन्यात शेजाऱ्याच्या विस्ताराला उत्तर देण्याची रीत वेगळी ठेवावी लागते. या लेखाची भूमिका अशी की शेजाऱ्याला वाढूच न देणे हे उद्दिष्ट खर्चिक आणि बहुधा अशक्य असते. त्याची वाढ आपल्यापासून दूर, नकाशाच्या दुसऱ्या बाजूला वळवणे मात्र वेळीच हालचाल केली तर बऱ्यापैकी स्वस्तात जमते.

पुढील विवेचन २०१६ मध्ये आलेल्या मूळ खेळाला २०१८ चे 'राइज अँड फॉल' आणि २०१९ चे 'गॅदरिंग स्टॉर्म' हे दोन्ही विस्तारसंच जोडलेले आहेत असे धरून केले आहे. प्रॉडक्शनचे (शहराच्या उत्पादनाचे) आणि टर्नचे (खेळाच्या फेऱ्यांचे) आकडे स्टँडर्ड वेगाचे आहेत. मल्टिप्लेअरमध्ये बहुतेक वेळा निवडल्या जाणाऱ्या ऑनलाइन वेगात खर्च निम्म्यावर येतो, पण टाइलची (नकाशावरच्या घरांची) अंतरे तीच राहतात. त्यामुळे तिथे सैन्याला चालायला लागणारा वेळ तुलनेने जास्त वाटतो आणि दूरवरची स्वारी आणखी महाग पडते.

पहिली पायरी: शहरांची संख्या नव्हे, दिशा पाहा

शेजारी भेटला की बहुतेक खेळाडू स्काउटला (टेहळणीच्या युनिटला) पुढच्या अंधारात पाठवून देतात. ते चूक नाही, पण एक तरी युनिट, मग तो अगदी पहिला वॉरियर का असेना, दोन राजधान्यांच्या मधल्या एखाद्या टेकडीवर कायमचे उभे ठेवावे. शेजाऱ्याचा सेटलर (नवे शहर वसवणारे युनिट) कोणत्या बाजूला निघाला हे दोन टर्न आधी कळणे आणि शहर वसल्यावर कळणे यांत जो फरक आहे, त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

सेटलर तयार होण्यासाठी शहराची लोकसंख्या किमान २ असावी लागते आणि सेटलर बाहेर पडताच ती एकाने घटते. शेजाऱ्याची राजधानी आपल्या नजरेच्या टप्प्यात असेल आणि ३ वर गेलेला आकडा अचानक २ वर आला, तर सेटलर बाहेर पडला आहे असे समजावे. पहिल्या सेटलरची किंमत ८० प्रॉडक्शन असते आणि प्रत्येक सेटलरनंतर पुढचा महाग होत जातो, म्हणजे अंदाधुंद विस्ताराला खेळानेच थोडा लगाम घातलेला आहे. मात्र हा लगाम सैल करणाऱ्या काही गोष्टी आहेत आणि शेजाऱ्याच्या बाबतीत त्यांच्यावर लक्ष ठेवावे. अर्ली एम्पायर या सिव्हिकबरोबर (सांस्कृतिक प्रगतीच्या टप्प्याबरोबर) कॉलनायझेशन हे पॉलिसी कार्ड (सरकारला लावायचे धोरण) मिळते आणि सेटलरचे प्रॉडक्शन ५० टक्क्यांनी वाढते. शहरावर नेमता येणाऱ्या गव्हर्नरांपैकी मॅग्नसची प्रोव्हिजन ही बढती घेतली की त्या शहरातील सेटलरमुळे लोकसंख्या घटत नाही. गव्हर्नमेंट प्लाझा या विभागात अँसेस्ट्रल हॉल ही इमारत उभी राहिली तर सेटलर आणखी स्वस्त पडतात. सर्वांत धोकादायक मात्र सुवर्णयुगात निवडता येणारी मॉन्युमेंटॅलिटी. ती निवडलेला आणि फेथ (धर्मातून मिळणारे चलन) साठवून बसलेला शेजारी प्रॉडक्शनला हातही न लावता एकामागून एक सेटलर विकत घेऊ शकतो. शेजाऱ्याने सुरुवातीलाच होली साइट (फेथ देणारा विभाग) बांधली आणि धर्माबद्दल त्याला फारशी आस्था दिसत नाही, असे असेल तर हा बेत गृहीत धरावा.

ही सगळी चिन्हे पाहिल्यावर प्रश्न एकच विचारायचा: तो कोणत्या दिशेने येतो आहे? त्याने पलीकडच्या किनाऱ्यावर तीन शहरे वसवली, तर मनातल्या मनात त्याचे आभारच मानावेत, कारण त्या तीन शहरांसाठी त्याने सैन्यावरचा खर्च टाळला आहे आणि आपल्या बाजूची सीमा उघडी ठेवली आहे. आपल्या दिशेने आलेले एकच शहर मात्र या तिन्हींपेक्षा गंभीर असते.

दुसरी पायरी: रेषा आधी नकाशावर आखा

आपल्याला नेमकी कोणती जमीन हवी आहे हे ठरवल्याशिवाय शेजाऱ्याशी भांडणे किंवा बोलणे, दोन्ही व्यर्थ. दोन शहरांच्या मध्ये किमान तीन टाइल मोकळ्या राहाव्या लागतात. शहराचे नागरिक तीन टाइलच्या परिघापर्यंत काम करू शकतात, सीमा मात्र पाच टाइलपर्यंत पसरू शकते. याचा व्यावहारिक अर्थ असा की योग्य जागी वसवलेले एक शहर आजूबाजूच्या बऱ्याच जागा शेजाऱ्यासाठी नियमानेच बंद करते. म्हणून वादाच्या पट्ट्यात सर्वांत सुपीक जागा शोधण्याऐवजी ती जागा शोधावी जिच्यामुळे शेजाऱ्याच्या दोन-तीन संभाव्य जागा बाद होतात. डोंगर आणि सरोवर यांमधली अरुंद वाट असेल तर उत्तमच.

गोड्या पाण्याचा हिशेबही इथेच करावा. नदीकाठच्या शहराला सुरुवातीला ५ हाउसिंग (लोकसंख्या वाढायला जागा) मिळते, समुद्रकाठच्या शहराला ३ आणि पाणी नसलेल्या शहराला फक्त २. सेटलर लेन्स लावली की हे रंगांनी दिसते. सीमेवरच्या पट्ट्यात नदी एकच असेल, तर दोघांचे सेटलर त्याच नदीकडे येणार हे उघड आहे आणि म्हणून आपले दुसरे शहर घराजवळच्या आरामशीर जागी न वसवता त्या नदीवर वसवणे योग्य ठरते. घराजवळची जागा कुठे पळून जात नाही. ठरलेल्या जागांवर नकाशाच्या पिन लावून ठेवाव्यात. पंधरा टर्ननंतर घाईत निर्णय घेताना त्या फार उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: सेटलर वाटेत असताना

संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत स्वस्त हस्तक्षेप इथे होतो, म्हणून या टप्प्यावर थोडे रेंगाळू.

एका टाइलवर परक्याचे युनिट उभे असेल तर तिथे दुसऱ्याला शहर वसवता येत नाही. म्हणजे शेजाऱ्याला हव्या असलेल्या टाइलवर आपला स्काउट उभा केला की ती जागा युद्ध न करता अडते. याची मर्यादाही उघड आहे: तो शेजारच्या टाइलवर वसवू शकतो. म्हणून हा उपाय जिथे नदीकाठची किंवा दोन डोंगरांमधली नेमकी एकच जागा चांगली आहे तिथेच वापरावा. मोकळ्या मैदानात तीन युनिटांची साखळी लावून सेटलरला फिरवत ठेवण्याचे प्रकार होतात, पण त्यात आपलीच युनिटे अडकून पडतात आणि दरम्यान रानटी टोळ्या आपली शेते लुटतात.

शर्यत लागली तर वेळेचे बारकावे निर्णायक ठरतात. सेटलरला एका टर्नमध्ये दोनच चाली असतात. टेकडी किंवा जंगल ओलांडताना दोन्ही एकाच टाइलमध्ये संपतात. शहर वसवायला हालचाल शिल्लक असावी लागते, म्हणून सपाट जमिनीवरून येणारा सेटलर पोहोचलेल्या टर्नमध्येच शहर वसवू शकतो आणि टेकडीवर चढलेल्याला पुढच्या टर्नची वाट पाहावी लागते. मार्ग आखताना शेवटची पायरी सपाट ठेवण्याची सवय लावावी. एकाच वेळी सर्वांची टर्न चालणाऱ्या सामन्यात आणखी एक गोष्ट घडते: टर्न संपता संपता चाल करणारा आणि नवी टर्न सुरू होताच पुन्हा चाल करणारा खेळाडू समोरच्याला उत्तराची संधी न देता लागोपाठ दोन चाली करून जातो. काही गटांमध्ये युद्धात असे करणे शिष्टाचाराला धरून मानले जात नाही, म्हणून सामना सुरू होण्यापूर्वीच नियम विचारून घ्यावा. सेटलरच्या शर्यतीत मात्र नवी टर्न उघडताच सर्वप्रथम सेटलर हलवणे हे साधे शहाणपण आहे. बाकीच्या शहरांची कामे नंतर पाहावीत.

संरक्षणाशिवाय निघालेला सेटलर हे उघडे आमिष असते. सिव्हिलायझेशन ६ मध्ये युद्ध जाहीर करून पकडलेला सेटलर नष्ट होत नाही, तो आपला सेटलर बनतो आणि त्याच जागी आपण शहर वसवू शकतो. एका वॉरियरच्या एका चालीत शेजाऱ्याचे प्रॉडक्शन, त्याचा एक नागरिक आणि ती जागा असे तिन्ही आपल्याकडे येते. मोह मोठा आहे. परंतु स्टँडर्ड वेगात युद्ध जाहीर केल्यावर दहा टर्न तह करता येत नाही, हे लक्षात ठेवूनच हात घालावा. शेजाऱ्याकडे दोन वॉरियर आणि एक स्लिंगर (गोफणधारी) असेल आणि आपल्याकडे तीन आर्चर (तिरंदाज) असतील तर ही दहा टर्न आपल्या फायद्याची असतात. उलट परिस्थिती असेल तर एका सेटलरपायी राजधानी गमावण्याची वेळ येते. आणि अर्थातच हाच नियम आपल्यालाही लागू असल्यामुळे सीमेकडे जाणारा आपला सेटलर नेहमी लढाऊ युनिटाशी जोडूनच पाठवावा.

अर्ली एम्पायर मिळाल्यावर आपली सीमा परक्यांसाठी बंद होते. तोपर्यंत शेजाऱ्याचा सेटलर आपल्या हद्दीतून आरपार जाऊन मागच्या बाजूला शहर वसवू शकतो आणि अनुभवी खेळाडू तसे करतातही. एकूण लोकसंख्या ६ झाली की या सिव्हिकची प्रेरणा (ते लवकर पुरे करणारी सवलत) मिळते, म्हणून आक्रमक शेजारी असताना ती लवकर साधणे दुहेरी लाभाचे ठरते.

चौथी पायरी: शहर वसलेच, तर लॉयल्टीचा हिशेब

शेजाऱ्याने आपल्या नाकासमोर शहर वसवले म्हणून लगेच सैन्याची जुळवाजुळव करू नये. नव्या शहराची लॉयल्टी (मालकावरची निष्ठा, जी संपली की शहर बंड करते) १०० पासून सुरू होते आणि नऊ टाइलच्या आतील प्रत्येक शहराचे नागरिक तिच्यावर दाब टाकतात. हा दाब दर टाइलमागे १० टक्क्यांनी कमी होतो. नागरिकांच्या दाबामुळे एका टर्नमध्ये जास्तीत जास्त २० अंक वर किंवा खाली जाऊ शकतात. हे नियम वाचायला कोरडे वाटतात, पण एका उदाहरणाने त्यांचे वजन कळेल.

समजा, शेजाऱ्याच्या १ लोकसंख्येच्या नव्या शहरापासून आपले ६ लोकसंख्येचे शहर ४ टाइलवर आहे आणि त्याचे स्वतःचे ४ लोकसंख्येचे शहर ७ टाइलवर. यांपैकी कोणतेही राजधानी नाही असे धरू, कारण राजधानीच्या नागरिकांचे वजन अधिक असते. आपला दाब ६ च्या ६० टक्के म्हणजे ३.६; त्याचा दाब नव्या शहराचा १ आणि जुन्या शहराचा १.२ मिळून २.२. खेळाच्या सूत्रानुसार यातून दर टर्नला सुमारे ५ अंकांची घट होते. शेजाऱ्याने तिथे गव्हर्नर नेमला की शहराला ८ अंक मिळतात आणि सगळा प्रश्न त्याच्या बाजूने सुटतो. आता आपले ५ लोकसंख्येचे आणखी एक शहर ५ टाइलवर आहे असे धरा. आपला दाब ६.१ होतो आणि घट १४ च्या पुढे जाते. गव्हर्नर नसेल तर सात टर्नमध्ये शहर बंड करते आणि गव्हर्नर असला तरी दर टर्नला सहा-एक अंक गळत राहतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सीमेवर एकच मोठे शहर असण्यापेक्षा वादग्रस्त जागेला दोन बाजूंनी घेरणारी दोन मध्यम शहरे अधिक परिणामकारक असतात. दुसरी गोष्ट अशी की वेळ शेजाऱ्याच्या बाजूने असतो. तेच नवे शहर ३ लोकसंख्येचे झाले तर त्याचा दाब ४.२ वर जातो, घट ४ वर येते आणि गव्हर्नरसह ते शहर पक्के होते. त्यामुळे दाब वाढवायचा तो पहिल्या काही टर्नमध्येच. आपल्या गव्हर्नरांपैकी अमानीला एमिसरी ही बढती दिलेली असेल, तर तिच्यापासून नऊ टाइलच्या आतील परक्या शहरांची लॉयल्टी दर टर्नला आणखी २ ने घटते. आपली सीमेवरची शहरे अन्नाच्या टाइलवर काम करून लवकर वाढवणे हा याच लढाईचा भाग आहे, जरी तो तसा दिसत नसला तरी.

युगांचा परिणाम मात्र या सर्वांहून मोठा असतो. सुवर्णयुगातील नागरिकांचा दाब दीडपट आणि अंधारयुगातील नागरिकांचा निम्मा धरला जातो. वरच्या उदाहरणात आपण सुवर्णयुगात आणि शेजारी अंधारयुगात गेला, तर घट थेट २० च्या कमाल मर्यादेला टेकते आणि गव्हर्नर नेमूनही ते शहर नऊ-दहा टर्नहून अधिक टिकत नाही. म्हणून युग बदलण्याच्या सुमारास एरा स्कोअर (पुढचे युग सुवर्ण की अंधार हे ठरवणारे गुण) कमी पडत असेल तर एखादे वंडर (महावास्तू) मागे ठेवून रानटी छावणी उद्ध्वस्त करण्याला प्राधान्य द्यावे. अंधारयुगात शिरणाऱ्या शेजाऱ्याची सीमेवरची शहरे सैन्य न हलवता पडतात, हे अनेकांना पराभव झाल्यावर कळते.

बंड केलेले शहर आधी स्वतंत्र शहर होते. त्यावर हल्ला करताना शेजाऱ्याशी युद्ध जाहीर करावे लागत नाही, आणि आपला दाब सर्वाधिक असेल तर थोडे थांबल्यास ते आपणहून आपल्याकडे येते. शेजारीही ते परत घेण्यासाठी सैन्य पाठवणार, हे धरून दोन आर्चर आणि एक वॉरियर आधीच जवळ आणून ठेवावेत.

पाचवी पायरी: बोलणी

माणसांच्या सामन्यात चॅट हे सर्वांत कमी वापरले जाणारे हत्यार आहे. शेजाऱ्याने शहर वसवल्यानंतर रागाने लिहिलेल्या संदेशाचा उपयोग शून्य असतो. वसवण्यापूर्वी लिहिलेल्या स्पष्ट संदेशाचा बराच असतो. 'त्या नदीच्या उत्तरेला मी येणार नाही, दक्षिणेला तू येऊ नकोस' असे ठोस, नकाशावर दाखवता येईल असे वाक्य लिहावे. 'माझ्यापासून लांब राहा' या वाक्याचा अर्थ प्रत्येक जण सोयीने लावतो.

देवाणघेवाणीत काहीतरी द्यावेही लागते. आपल्याकडे जादा असलेली लक्झरी (चैनीची वस्तू) किंवा ठरावीक टर्नपुरते सोने देऊन शेजाऱ्याला पलीकडे वळवणे हे चार युनिटे उभारण्यापेक्षा कमी खर्चाचे असते. मैत्रीचा करार ३० टर्नचा असतो आणि त्या काळात एकमेकांवर युद्ध जाहीर करता येत नाही, म्हणून तो शब्दापेक्षा भक्कम. पण त्याने आपलेही हात बांधले जातात. शेजारी सैन्यात मागे आणि विस्तारात पुढे असेल, तर त्याला मैत्री देणे म्हणजे त्याच्या सर्वांत दुबळ्या काळाला आपणच संरक्षण देणे होय. माझ्या मते सीमारेषा मान्य झाल्यानंतरच मैत्री करावी, आधी नाही.

धमकी द्यायची असेल तर तिच्यामागे सैन्य दिसले पाहिजे. वरच्या पट्टीत सर्वांना सैन्यबळाचा आकडा दिसतो आणि अनुभवी शेजारी संदेश वाचण्यापूर्वी तो आकडा पाहतो. तिथे आपण शेवटच्या क्रमांकावर असू तर कडक भाषा हास्यास्पद ठरते.

सहावी पायरी: युद्ध, आणि तेही मोजके

लॉयल्टीने काम होत नसेल आणि बोलणी फिसकटली असतील, तर युद्धाचे उद्दिष्ट एका वाक्यात सांगता आले पाहिजे: 'नदीवरचे ते शहर घ्यायचे आणि थांबायचे.' संपूर्ण शेजारी गिळण्याचा बेत सहसा तिसऱ्या खेळाडूच्या फायद्याचा ठरतो, कारण आपण दोघे युनिटांवर प्रॉडक्शन खर्च करत असताना तो निवांतपणे कॅम्पस (विज्ञानाचा विभाग) आणि वंडर उभारत असतो.

मुहूर्त महत्त्वाचा. भिंती नसलेल्या शहराला स्वतःहून बाण मारता येत नाहीत, म्हणून नव्या शहरात भिंती उभ्या राहण्यापूर्वीचा काळ हीच खरी संधी. तीन-चार आर्चर दोन टाइलवरून मारा करतील आणि शहरात शिरण्यासाठी दोन वॉरियर लागतील, कारण नेमबाज युनिट शहर ताब्यात घेऊ शकत नाही. स्लिंगरने एखादे युनिट मारले की आर्चरीचा युरेका (संशोधनातली सवलत) मिळतो. तो रानटी स्काउटवर आधीच साधून घ्यावा. शहराला चारही बाजूंनी वेढा घातला की त्याची दर टर्नची भरपाई थांबते, त्यामुळे थोड्या युनिटांत काम होते. भिंती उभ्या राहिल्या असतील तर बॅटरिंग रॅम (भिंती फोडायला मदत करणारे युनिट) येईपर्यंत आर्चर खर्ची घालू नयेत.

शहर घेणे शक्य नसेल तेव्हा लूट पुरेशी असते. शेजाऱ्याचा व्यापारमार्ग तोडला की सोने मिळते, शेते उद्ध्वस्त केली की आपल्या युनिटांचे घाव भरतात आणि नव्या शहराची वाढ खुंटते, म्हणजे लॉयल्टीचा हिशेब पुन्हा आपल्याकडे झुकतो. घोडेस्वार या कामाला सर्वांत योग्य, कारण त्यांना दुरून येऊन निसटता येते. युद्ध जाहीर करण्यापूर्वी शेजाऱ्याच्या शहरात व्यापारमार्ग किंवा प्रतिनिधी पाठवून डिप्लोमॅटिक व्हिजिबिलिटी (समोरच्याबद्दलच्या माहितीची पातळी) वाढवून घ्यावी. त्याच्यापेक्षा एक पातळी वर असलो तरी प्रत्येक लढतीत ३ बळ अधिक मिळते, आणि वॉरियरचे मूळ बळ २० असताना तीन अंक थोडे नसतात.

तिसऱ्या खेळाडूला आधी कल्पना द्यावी की नाही, याबद्दल मतभेद आहेत. तो शेजाऱ्याच्या पलीकडे राहत असेल तर जरूर द्यावी, कारण त्यालाही पलीकडची जमीन हवी असते आणि शेजाऱ्याचे सैन्य दोन ठिकाणी विभागले जाते. तो आपल्या मागे राहत असेल तर काही सांगू नये. उलट त्या बाजूच्या शहरात भिंती आधी बांधाव्यात.

शहर हाती आल्यावर ते ठेवायचे की उद्ध्वस्त करायचे, हा निर्णय पुन्हा लॉयल्टीच्याच आकड्यांवर घ्यावा. जिंकलेल्या शहरावर शेजाऱ्याच्या जुन्या शहरांचा दाब तसाच राहतो, म्हणून तिथे ताबडतोब गव्हर्नर नेमावा. लिमिटानेई हे पॉलिसी कार्ड लावून आत सैन्य ठेवले तर आणखी २ अंक मिळतात. एवढे करूनही आकडा उणेच दिसत असेल, तर शहर पाडून टाकावे आणि आपल्या बाजूला दोन-तीन टाइल सरकून नव्या सेटलरने पुन्हा वसवावे. हा खर्च दर दहा टर्नला बंडाळी निस्तरण्यापेक्षा कमी असतो. तह करताना सोन्याची मोठी मागणी लावून बोलणी लांबवू नये, पण घेतलेले शहर करारात अधिकृतपणे आपल्या नावावर करून घ्यावे. तहानंतर काही टर्न दोघांनाही युद्ध जाहीर करता येत नाही. त्या काळात नव्या सीमेवर भिंती, शक्य असल्यास एन्कॅम्पमेंट (लष्करी विभाग) आणि तीन टाइलच्या आतील मोक्याच्या टेकड्या सोने देऊन विकत घेणे, ही कामे याच क्रमाने उरकावीत.